विचारांची रुजुवात

म्हैसूर शहराच्या पश्चिम अंगास, कुक्करहळ्ळी तलावाला लागून, विद्यापीठाचा जो विस्तीर्ण परिसर पसरला आहे आणि ज्याला कन्नड कवी कुवेंपूंनी मानसगंगोत्री हे नाव दिले, त्या परिसरात अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या आणि केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या अखत्यारीत चालणाऱ्या या स्वायत्त संस्थेकडे देशाच्या नाना प्रांतांतून लोक येतात, ते बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या तक्रारी घेऊन. कुणाचे मूल वेळेवर बोलू लागलेले नसते, कुणाची वाचा पक्षाघाताने गेलेली असते, कुणी लहानपणापासून अडखळत बोलत असतो, तर कुणाच्या कानात अहोरात्र एक बारीक शिटी वाजत असते. यंत्रांनी तपासणी होईल, जिभेचे आणि श्वासाचे व्यायाम मिळतील, अशा अपेक्षेने आलेल्या माणसाला या संस्थेत चिकित्सा मानसशास्त्राचाही एक स्वतंत्र विभाग आहे हे कळले म्हणजे तो थोडा चमकतो. दोष माझ्या जिभेत आहे, डोक्यात नव्हे, असे त्याला वाटून जाते. त्याचे हे चमकणे स्वाभाविक असले, तरी अडखळणे आणि कर्णनाद या दोन तक्रारी, ‘सीबीटी’ या इंग्रजी आद्याक्षरांनी जो उपचार आज सर्वत्र ओळखला जातो आणि ज्याला मराठीत बोधनिक वर्तनोपचार म्हणतात, त्याच्याकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये हे जितके स्वच्छ दाखवितात, तितके दुसरी कोणतीही तक्रार क्वचितच दाखवील. कारण दोहोंतही मूळ लक्षण पुष्कळदा कायम राहते, आणि तरीही ज्या आयुष्यावर त्या लक्षणाचा अंमल बसलेला असतो ते आयुष्य माणसाला बरेचसे परत मिळू शकते.

मानसोपचार म्हटले की आपल्याकडे दोन चित्रे उभी राहतात. एकात रुग्ण कोचावर पहुडून बालपणाच्या आठवणी सांगत असतो. दुसऱ्यात कुणी वडीलधारा त्याला ‘मन घट्ट करा, चांगले विचार करा’ असा उपदेश करीत असतो. मनाला उद्देशून उपदेश करण्याची परंपरा आपल्या भाषेत मोठी आणि वंदनीय आहे, म्हणूनच की काय, हे दुसरे चित्र आपल्या मनातून सहसा पुसले जात नाही. प्रस्तुत उपचारात यांपैकी काहीच घडत नाही. येथे वाईट विचाराच्या जागी चांगला विचार बसवायचा नसतो, तर मनात उठलेल्या विचाराची प्रत्यक्ष अनुभवाशी रुजुवात घालायची असते. आणि ती उपचारकाने नव्हे, रुग्णाने स्वतः घालायची असते.

म्हैसूर हे गाव या शास्त्राला परके नाही. १९१६ साली स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठात १९२४ मध्ये मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि लंडनला चार्ल्स स्पिअरमन यांच्या हाताखाली शिकून आलेल्या एम. व्ही. गोपालस्वामी यांनी तो उभारला. योगायोग असा की, त्याच १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती कशी घालविली याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मूल आवडीचे खाणे खात असताना ससा प्रथम दूर ठेवायचा आणि मग हळूहळू, मुलाला सोसेल त्या बेताने, जवळ आणायचा, एवढीच ती युक्ती होती. दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात याच वाटेला पद्धतशीर रूप दिले, आणि या उपचाराचा वर्तनविषयक अर्धा भाग त्यातून आला.

दुसरा अर्धा भाग विचारांचा. न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आणि घटना माणसाला जितकी छळते त्यापेक्षा घटनेविषयीची त्याची समजूत त्याला अधिक छळते, या एपिक्टेटस नामक प्राचीन तत्त्वज्ञाच्या विचाराचे ऋण त्यांनी मोकळेपणी मान्य केले. फिलाडेल्फियातील आरन बेक हे मुळात मनोविश्लेषणाच्या परंपरेत वाढलेले. खिन्नतेच्या मुळाशी स्वतःवर उलटलेला राग असतो, हे त्या परंपरेचे मत रुग्णांच्या स्वप्नांवरून सिद्ध करावे म्हणून ते अभ्यासाला बसले, तो त्या स्वप्नांत रागाऐवजी पराभव आणि वंचना यांचीच चित्रे त्यांना आढळली. आणि रुग्ण बोलत असताना त्याच्या मनात दुसरी एक ओळ आपोआप चाललेली असते, हेही त्यांच्या ध्यानी आले. ‘मी निकामी आहे’, ‘यांना माझा कंटाळा आला असेल’, अशी ती ओळ. ज्यासाठी आरंभ केला तोच सिद्धान्त पुरावा विरुद्ध निघताच सोडून देणाऱ्या या माणसाने पुढे रुग्णांनाही हेच करायला शिकविले, याचे मला मोठे अप्रूप वाटते. खिन्नतेवरील उपचारांचा त्यांचा ग्रंथ १९७९ साली निघाला आणि २०२१ साली, शंभर वर्षांचे आयुष्य भोगून, ते निवर्तले. महाराष्ट्रात एलिस यांचा विचार आणण्याचे श्रेय किशोर फडके यांचे; त्यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहाराने अभ्यास केला आणि मराठीत लिहून तो वाचकांपर्यंत पोचविला. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या १९९० साली सुरू झालेल्या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही हाच विचार सामान्य माणसांपर्यंत नेला.

आता प्रत्यक्ष उपचारात काय घडते ते पाहू. त्यासाठी एक तरुण डोळ्यांसमोर आणू. तो कुणी एक विशिष्ट माणूस नव्हे, समजुतीसाठी कल्पिलेला आहे. हा निपाणीकडचा, पंचविशीचा, बँकेच्या लेखी परीक्षेत उत्तीर्ण झालेला, पण मुलाखतीच्या नुसत्या विचाराने झोप उडालेला तरुण आईसह काही आठवड्यांसाठी म्हैसुरास येऊन राहिला आहे. वाचा उपचारकाकडे त्याचे उच्चारांचे शिक्षण चाललेच आहे. त्याला जोड म्हणून तो मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जातो. आई सोबत आत येते आणि मुलाच्या वतीने बोलू लागते : “मॅडम, तसा हुशार आहे हो, पण चारचौघांत तोंडच उघडत नाही.” मॅडम ते आदराने ऐकून घेतात, मग मुलाकडे वळतात आणि त्याला बालपणापासूनचा इतिहास विचारण्याआधी एक साधा प्रश्न विचारतात : “कालच्या दिवसात, अडखळाल म्हणून तुम्ही काय काय टाळलंत?”

तो विचार करू लागतो आणि त्याच्याच लक्षात न आलेली एक यादी बाहेर पडते. सकाळी उपाहारगृहात त्याला मसाला डोसा खायचा होता, पण ‘म’वर जीभ हटकून अडते, म्हणून त्याने इडली मागितली. घरमालकांनी गाव विचारले तेव्हा ‘निपाणी’ न म्हणता ‘बेळगावकडचा’ एवढेच सांगितले. गॅसच्या एजन्सीला फोन आईला करायला लावला. रिक्षावाल्याला पत्ता बोलून न सांगता मोबाइलवर दाखविला. एका दिवसाचा हा हिशेब. अडखळणे काही क्षणांचे होते. ते लपविण्याची खटपट मात्र दिवसभर चालली होती.

पहिल्या एकदोन बैठका अशा तऱ्हेने कैफियत समजून घेण्यात जातात. काही ठरावीक प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, त्या परीक्षा म्हणून नव्हे, तर पुढे सुधारणा मोजण्यास काही आधार असावा म्हणून. मग उपचारक आणि रुग्ण मिळून एका कागदावर प्रसंग मांडतात : मनात काय आले, काय वाटले, शरीरात काय झाले, आणि आपण काय केले. आमच्या तरुणाच्या कागदावर असे उमटते की, ‘अडखळलो की समोरचा मला मूर्ख समजेल’ हा विचार आला, भीती वाटली, गळा आवळला आणि श्वास वर चढला, आणि आवळलेल्या गळ्याने तो खरोखरच अधिक अडखळला. म्हणजे भीतीने अडखळणे वाढते आणि वाढलेल्या अडखळण्याने भीतीला दुजोरा मिळतो. हे वर्तुळ आपल्याच हस्ताक्षरात समोर दिसणे ही पुष्कळांना पहिल्या दिलाशाची गोष्ट ठरते, कारण आजवर ज्याला तो आपला स्वभाव समजत होता ती एक प्रक्रिया आहे, आणि प्रक्रिया कुठेतरी अडविता येते.

पुढच्या बैठका साधारणतः आठवड्याला एक, अर्ध्या ते एक तासाच्या असतात आणि तक्रारीच्या स्वरूपानुसार सहापासून वीसपर्यंत चालतात. प्रत्येक बैठकीच्या आरंभी आज काय पाहायचे हे दोघे मिळून ठरवितात, मागील आठवड्याच्या अभ्यासाची विचारपूस होते, आणि शेवटी नवा अभ्यास ठरतो. अभ्यास हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. बैठक आठवड्यातून एक तास आणि उरलेले सगळे तास रुग्णाचे. तेव्हा जो माणूस वही उघडल्याशिवाय पुन्हा येतो त्याची प्रगती मंदावते, आणि चांगला उपचारक त्याला रागावत नाही, तर वही का उघडली गेली नाही याचीच चौकशी करतो, कारण त्या न उघडण्यामागेही बहुधा एखादा विचार दडलेला असतो.

टाळाटाळीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण चिंतेच्या बहुतेक विकारांत खरे दुखणे तेथे असते. टाळण्याने तत्काळ सुटका होते यात संशय नाही. पण ती सुटका सावकाराकडून आणलेल्या उचलीसारखी असते, आजची नड भागते आणि उद्याचे देणे वाढते. इडली मागून वेळ निभावली की मेंदू एवढेच शिकतो की मसाला डोसा मागण्यात खरोखर काही धोका होता आणि आपण त्यातून वाचलो. धोका नव्हता हे कळण्याची संधीच त्याला मिळत नाही. म्हणून या उपचारात टाळलेल्या गोष्टींची सोप्यापासून कठीणापर्यंत चढती श्रेणी लावतात आणि एकेक पायरी, पूर्वसंमतीने, चढायची असते. कुणालाही एकदम खोल पाण्यात ढकलले जात नाही. परंतु भीती पूर्ण ओसरल्यावर मग पायरी चढू, असेही चालत नाही. भीती सोबत असतानाच पाऊल टाकायचे असते, आणि आरंभीच्या काही आठवड्यांत अस्वस्थता कमी होण्याऐवजी वाढल्यासारखी वाटते, हे रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी आधीच जाणून असावे.

आमच्या तरुणाची एक पायरी देवराज मार्केटमध्ये ठरते. पाच दुकानांत भाव विचारायचा आणि पहिला शब्द मुद्दाम अडखळत उच्चारायचा. जाण्यापूर्वी वहीत भाकीत लिहायचे. तो लिहितो : ‘पाचांपैकी चार जण हसतील किंवा तोंड फिरवतील. खात्री शंभरपैकी ऐंशी.’ मॅडम येथे थांबवून विचारतात, हसणे म्हणजे नेमके काय धरायचे, आणि तोंड फिरवले हे कशावरून ठरवायचे. कारण भाकीत मोघम राहिले तर निकालही मोघम लागतो आणि भीती त्यातून सहीसलामत सुटते. पहिल्या दुकानाशी त्या स्वतः पुढे होतात आणि मल्लिगेच्या फुलांच्या माळेचा भाव मुद्दाम अडखळत विचारतात; तो जरा मागे उभा राहून विक्रेत्याचा चेहरा पाहतो. मग त्याची पाळी येते. नंजनगूडच्या रसबाळे केळ्यांपाशी ‘न’ लांबतो, लांबतो, आणि दुकानदार हातातले काम न थांबवता भाव सांगतो. दुसऱ्या ठिकाणी एक बाई त्याचे वाक्य स्वतःच पुरे करतात. एका दुकानातला पोऱ्या खरोखर हसतो. उरलेले दोघे भाव सांगून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात. संध्याकाळी वहीत नोंद होते : ‘एक हसला. वाईट वाटले. भाव मिळाला.’ आणि खाली, मूळ भाकिताची खात्री आता शंभरपैकी पंचेचाळीस.

शून्य नव्हे, पंचेचाळीस. कुणीच हसले नाही असा निकाल लागला असता तर तो ऐकायला गोड होता. पण जगात हसणारे असतात, आणि त्यांच्यादेखत भाव विचारता येतो, ही शिकवण मला अधिक टिकाऊ वाटते. घरी बसून कितीही युक्तिवाद केला असता तरी जे त्याला पटले नसते, ते बाजारात अर्ध्या तासात पटले.

ऑस्ट्रेलियातील मेन्झीज, ऑन्सलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली अडखळणाऱ्या प्रौढांवर या उपचाराचा जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष याच दिशेचा आहे : अडखळण्याच्या प्रमाणात त्याने अधिक घट झाली नाही, परंतु लोकांत बोलण्याची भीती आणि टाळाटाळ मात्र उल्लेखनीय कमी झाली. कर्णनादाचेही तसेच. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत २८ अभ्यासांतील २,७३३ रुग्णांचा पुरावा एकत्र पाहिला गेला आणि कर्णनादामुळे आयुष्यावर होणारा विपरीत परिणाम या उपचाराने कमी होऊ शकतो, असे आढळले. आवाज नाहीसा होतो असा दावा कुणी केलेला नाही. एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या कानातली शिटी रात्री तशीच वाजत राहील. पण ‘हिने मला वेड लागेल’ हा विचार, त्यापायी दर काही मिनिटांनी शिटी चालू आहे का हे ऐकत राहण्याची सवय, आणि झोप येणार नाही या धास्तीने जागणे, हे सारे सुटू शकते. अर्थात कर्णनादात कानाची रीतसर तपासणी अगोदर व्हायला हवी. शरीरात इलाज करण्याजोगे कारण असेल तर त्याचा इलाज पहिला.

येथे एक आक्षेप येतो आणि तो मोलाचा आहे. विचार खोटा नसून परिस्थितीच तशी असेल तर? पीक गेले, कर्ज डोक्यावर, नवरा दारू पिऊन मारतो. अशा माणसाला तुझे विचार तपास असे सांगणे हा अन्याय नव्हे काय? तसे सांगितले तर तो अन्यायच होय, आणि जो उपचारक तसे सांगेल त्याला हा उपचार कळलाच नाही असे मी म्हणेन. रुजुवात घातल्यावर विचार खरा निघाला, तर पुढचे काम परिस्थितीवर करायचे असते : अडचणीचे तुकडे करणे, कुणाची मदत मिळेल ते शोधणे, आज करण्याजोगे एक काम ठरविणे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि संगत या संस्थेने जो कार्यक्रम आखला तो येथे ध्यानी घ्यावा. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र खिन्नता असलेल्या प्रौढ रुग्णांना, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत हा उपचार दिला. त्यात भर विचारांच्या चिकित्सेपेक्षा बंद पडलेले दैनंदिन व्यवहार पुन्हा सुरू करण्यावर आणि अडचणी सोडविण्यावर होता. लॅन्सेट नियतकालिकात २०१७ साली आलेल्या अहवालानुसार तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण खिन्नतेतून बाहेर आलेले होते, तर केवळ नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. खिन्न माणूस बरे वाटले म्हणजे उठेन म्हणून थांबतो. येथे त्याला आधी उठायला मदत करतात, आणि बरे वाटणे मागाहून येते.

ही पद्धत सर्वांना, सर्व काळी पुरेशी नाही. अतितीव्र खिन्नतेत, उन्माद आणि खिन्नता आलटून पालटून येणाऱ्या आजारात, किंवा भास आणि भ्रम होत असतील तेथे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर आणि औषधे हवीतच. वर्तनोपचार त्यांच्या जोडीला चालतो, त्यांच्या जागी नव्हे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर ते पहिल्याच बैठकीत, न लाजता, सांगावेत. आणि बैठकीपर्यंत थांबण्याजोगी स्थिती नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि तेथे मराठीतही बोलता येते. उपचारक निवडताना तो चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी आहे का, आणि या विशिष्ट पद्धतीचे प्रशिक्षण त्याने घेतले आहे का, हे सरळ विचारावे. विचारण्यात अनादर नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क रुग्णाला दिला आहे, आणि स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल अशा थोड्याच प्रसंगी त्याला अपवाद होतो.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाने आणखी एका गोष्टीचा आग्रह धरावा. म्हैसूर-बेंगळूरकडे बैठक कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत होईल. वही मात्र मराठीत लिहावी. मनातली ती आपोआप चालणारी ओळ लहानपणी घरात ऐकलेल्या बोलीत उठते, आणि ‘तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही’ हे वाक्य परभाषेत उतरविताना त्याचा डंख आणि त्याबरोबर त्याचा पत्ताही हरवतो. उपचारकाला त्याचा अर्थ तोंडी समजावून सांगता येतो.

शेवटच्या टप्प्यात बैठकांतले अंतर वाढते. आठवड्याची बैठक पंधरवड्यावर, मग महिन्यावर जाते, आणि रुग्ण हळूहळू स्वतःच स्वतःचा उपचारक होऊ लागतो. निरोपापूर्वी एक लेखी टिपण तयार करतात. कोणत्या खुणा दिसल्या म्हणजे जुने वर्तुळ पुन्हा फिरू लागले असे समजावे, तेव्हा प्रथम कोणता अभ्यास काढावा, कुणाला सांगावे, असा त्यात तपशील असतो. आमच्या तरुणाच्या टिपणात ‘फोन पुन्हा आईकडे देऊ लागलो’ ही पहिली खूण असेल. मुलाखतीत तो अडखळेल, कदाचित नोकरी मिळेल, कदाचित त्या खेपेस मिळणार नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने भीतीने पुन्हा उचल खाल्ली तर तो परत बैठकीस येऊ शकतो. पूर्वीचे शिक्षण वाया गेले असे कुणी मानत नाही. अशा फेरभेटी बहुधा थोड्याच लागतात, आणि त्यांचा आरंभ त्याच टिपणापासून होतो.